दारातली स्किप

ब्रिटनमध्ये घराच्या डागडुजीतून निघालेला राडारोडा हलवण्यासाठी ‘स्किप’ भाड्याने घेतात. स्किप म्हणजे वरून उघडी, दोन्ही टोकांना तिरकी असलेली जाड पत्र्याची मोठी पेटी. कंपनी रिकामी पेटी दारात ठेवून जाते, घरमालक ती सवडीने भरतो आणि भरली की ती उचलली जाते. इथे कचरा देणारा पैसे मोजतो. दोनशे वर्षांपूर्वीच्या लंडनमध्ये मात्र कचरा नेणारा पैसे मोजत असे.

तेव्हा घरोघरी दगडी कोळसा जळत होता, त्यामुळे कचऱ्यात मुख्यतः राखच असे. ती उचलण्याच्या हक्कासाठी कंत्राटदार स्थानिक कारभार पाहणाऱ्या पॅरिशला रक्कम देत. राख चाळली की बारीक भाग वीटवाले मातीत मिसळत आणि अर्धवट जळलेले खडे विटा भाजायला वापरत. लंडन वाढत होते, विटांना मागणी होती आणि राखेला भाव होता. हाडे, चिंध्या, धातूचे तुकडे यांचे गिऱ्हाईक वेगळे. चार्ल्स डिकन्सच्या ‘अवर म्युच्युअल फ्रेंड’ (१८६४–६५) या कादंबरीतली मोठी इस्टेट अशाच ढिगाऱ्यांतून उभी राहिलेली आहे. चाळण्याचे काम बहुतेक बायका करत. धुळीत अर्ध्या बुडालेल्या या बायकांचे काम पत्रकार हेन्री मेह्यूने १८५१ च्या सुमारास बारकाईने नोंदवले. ही नोंद नसती तर या धंद्याच्या इतिहासात फक्त कंत्राटदारांची श्रीमंती उरली असती.

पुढे राखेचा भाव पडला आणि कचरा नेण्यासाठी पॅरिशनाच पैसे द्यावे लागू लागले. १८७४ मध्ये नॉटिंगहॅमला कचरा जाळण्याची भट्टी सुरू झाली. १८७५ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्यानंतर कचरा हटवणे हे हळूहळू नगरसंस्थांचे नेहमीचे काम बनले.

भरलेली पेटीच उचलून न्यायची, ही कल्पना १९२२ च्या सुमारास साउथपोर्टमध्ये पुढे आली. दारोदार थांबत जाण्यासाठी घोडा स्वस्त पडे, पण दूरच्या कचराभूमीपर्यंतच्या फेऱ्यांना तो निरुपयोगी होता. म्हणून पेजफील्ड या वाहन कंपनीने घोड्यांनी ओढलेल्या पेट्या भरल्यावर मोटारट्रकवर चढवण्याची सोय केली. घोडे गल्लीतच राहत आणि ट्रक लांबचा पल्ला मारी. अमेरिकेत १९३० च्या दशकात नॉक्सव्हिलच्या डेम्पस्टर बंधूंनी यंत्राने पेटी उचलून रिकामी करणारा ट्रक घडवला. तिथल्या ‘डम्पस्टर’ पेट्यांचे नाव त्यांच्यावरूनच पडले.

ब्रिटनमध्ये भाड्याची स्किप १९६० नंतर फैलावली. १९५६ च्या स्वच्छ हवा कायद्याने कोळशाच्या शेगड्या मागे पडू लागल्या आणि घरच्या कचऱ्यातली राख घटली. त्याच काळात जुन्या घरांची दुरुस्ती आणि फेरबदल वाढले. विटा, प्लास्टर, मोडक्या फरशा नगरसंस्थेच्या नेहमीच्या कचरागाडीत घेत नसत. स्किपने ती गरज भागवली. तिच्या ट्रकला मागे दोन हायड्रॉलिक हात असतात. त्यांच्या साखळ्या पेटीच्या कडांना अडकवल्या की एकटा चालक भरलेली पेटी काही मिनिटांत चढवतो. माप आजही घनयार्डात सांगतात. बांधकामाच्या कामावर नेहमी दिसणारी आठ यार्डांची स्किप म्हणजे सुमारे सहा घनमीटर.

या पेट्या रस्त्यावर ठेवल्या जाऊ लागल्या तसे अपघाताचे भय वाढले. १९७१ च्या हायवेज कायद्याने रस्त्यावरच्या स्किपसाठी परवानगी आणि रात्री दिवे सक्तीचे केले. मालकाचे नाव आणि फोन नंबर किंवा पत्ता पेटीवर ठळक लिहिण्याची अटही आली. १९८० च्या कायद्यातही हे नियम कायम राहिले. १९९० च्या पर्यावरण संरक्षण कायद्याने व्यावसायिकांवर कचरा योग्य माणसाकडेच सोपवण्याची जबाबदारी टाकली.

धंद्याचे गणित सगळ्यात जास्त बदलले ते १ ऑक्टोबर १९९६ पासून लागू झालेल्या कचराभूमी कराने. सर्वसाधारण कचऱ्यावर टनामागे ७ पौंड कर होता, तो २०१४ मध्ये ८० पौंडांवर गेला. विटा-मातीसारख्या निष्क्रिय राडारोड्याचा दर मात्र खूपच कमी ठेवला होता. त्यामुळे आणलेला माल सरसकट पुरून टाकणे कंपन्यांना परवडेना. आता स्किप आधी वर्गीकरण केंद्रात रिकामी होते. विटा-काँक्रीट भरडून भरावासाठी विकतात आणि लाकूड, धातू वेगळे काढतात. उरलेल्या मालावरच जादा दराचा कर भरावा लागतो.