विजयदुर्गची ती संध्याकाळ

विजयदुर्गच्या तटावर उभे राहिले की वाघोटणची खाडी डोळ्यांत मावत नाही. १९८१ पर्यंत हा किल्ला आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातच होता. लहानपणी आजोबांबरोबर तेथे गेलो होतो. खाडीकडे बोट दाखवून ते म्हणाले, "इथं आपलं आरमार जळालं." "कुणी जाळलं?" मी विचारले. आजोबा गप्प राहिले. त्या गप्प राहण्याचा अर्थ पुढे इतिहास वाचताना कळला.

कान्होजी आंग्रे १७२९ मध्ये वारले आणि मुलांत भाऊबंदकी माजली. पुढे विजयदुर्ग तुळाजीकडे आला. आंग्र्यांची गुराबे आणि गलबते उथळ तळाची. वारा पडला की जड इंग्रजी जहाजांना मागून गाठायचे आणि संकट आले की खाडीत शिरायचे, ही त्यांची रीत. १७२० मध्ये इंग्रज आणि १७२४ मध्ये डच या किल्ल्यावर चालून आले. दोघेही हात हलवीत परत गेले.

पण तुळाजी पेशव्यांना जुमानेना. नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांशी हातमिळवणी केली. एप्रिल १७५५ मध्ये कमोडोर जेम्सने हर्णैचा सुवर्णदुर्ग पाडाव केला. १२ फेब्रुवारी १७५६ रोजी ॲडमिरल वॉटसनचे आरमार विजयदुर्गच्या खाडीत शिरले. पायदळ घेऊन क्लाइव्ह बरोबर होता. तुळाजी आधीच बोलणी करण्यासाठी पेशव्यांच्या छावणीत गेलेला. त्याची जहाजे किल्ल्याच्या आडोशाला एकमेकांना खेटून उभी होती. तोफेचा एक गोळा 'रिस्टोरेशन'वर पडला. हे जहाज आंग्र्यांनीच कंपनीकडून हिसकावलेले! आग पसरली आणि आरमार जळाले. जी खाडी आसरा देई, तीच सापळा ठरली. दुसऱ्या दिवशी किल्ला पडला.

सुमारे दहा लाखांची लूट इंग्रजांनी आपसांत वाटून घेतली. ऑक्टोबरच्या तहात बाणकोट पदरात पाडून घेतल्यावरच त्यांनी विजयदुर्ग सोडला. तुळाजीचे उरलेले आयुष्य कैदेत गेले. वॉटसन आणि क्लाइव्ह पुढे बंगालमध्ये उतरले आणि १७५७ मध्ये प्लासी झाली.

धुळपांनी विजयदुर्गात पुन्हा आरमार उभारले, १७८३ मध्ये इंग्रजांचे 'रेंजर' जहाजही पकडले. पण पूर्वीचा धाक परतला नाही. जेम्सच्या स्मरणार्थ त्याच्या पत्नीने लंडनमध्ये १७८४ मध्ये बांधलेल्या मनोऱ्याला मात्र आपल्या सुवर्णदुर्गाचेच नाव आहे.

तुळाजी निर्दोष नव्हता. पण घरातले भांडण मिटवायला आपण शेजारी बोलावला, आणि जाताना त्याने घराची किल्लीही नेली. एका लहान मुलाला आजोबांनी हे कोणत्या तोंडाने सांगायचे?