माराकाइबोच्या कोळ्यांचं ऋण
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

दक्षिण अमेरिकेच्या नकाशात अगदी वरच्या अंगाला, व्हेनेझुएला देशात, समुद्राला एका चिंचोळ्या तोंडानं जोडलेलं प्रचंड सरोवर आहे. त्याचं नाव माराकाइबो. १४९९ मध्ये आलोन्सो दे ओखेदा आणि अमेरिगो व्हेस्पुची यांची गलबतं या बाजूला आली, तेव्हा त्यांना पाण्यात खांब रोवून त्यांवर उभारलेली घरं दिसली. त्यांना व्हेनिसची आठवण झाली आणि 'छोटं व्हेनिस' अशा अर्थाचं नाव या मुलखाला चिकटलं, असं सांगतात. पुढं १९२२ मध्ये सरोवराच्या पूर्व काठावर, काबीमास इथल्या विहिरीतून तेलाचा असा फवारा उसळला की नऊ दिवस तो कुणाला आवरेना. तेव्हापासून जग माराकाइबोला तेलासाठी ओळखतं.

तेलाच्या या गोष्टीत सरोवरावर मासेमारी करणारे कोळी मात्र कुठंच नसतात. सान लुईस ही शहराच्या कडेची वस्ती, बारांकितास हे काठावरचं खेडं, आणि लागुनेता हे तर खांबांवर उभं असलेलं, होडीखेरीज जाता न येणारं गाव. या वस्त्यांमधल्या माणसांनी जगाला जे दिलं त्याची किंमत तेलाइतकी सहज मोजता येत नाही. त्यांनी आपलं रक्त दिलं, तेही एका दुर्मीळ आजाराचं मूळ शोधण्यासाठी. हा इतिहास वैद्यकशास्त्राच्या पुस्तकांत आहे, पण तिथं तो प्रयोगशाळेच्या बाजूनं लिहिलेला आहे. आपण तो जरा काठावरून पाहू.

आजाराचं नाव हंटिंग्टन. अमेरिकेतल्या लाँग आयलंडवर वाढलेल्या जॉर्ज हंटिंग्टन या अवघ्या २२ वर्षांच्या डॉक्टरनं १८७२ मध्ये त्याचं नेमकं वर्णन केलं. त्याचे वडील आणि आजोबाही तिथलेच डॉक्टर. एकाच घरातल्या तीन पिढ्यांच्या डॉक्टरांनी तीच रोगी कुटुंबं पाहिली होती, म्हणून तर आजार आईबापांकडून मुलांकडे कसा उतरतो हे त्याला इतक्या कोवळ्या वयात सांगता आलं. साधारण तिशी-चाळिशीपर्यंत माणूस धडधाकट असतो. मग हातापायांना नकळत झटके येऊ लागतात, चाल डगमगते, जीभ अडखळते, स्वभाव बिघडतो, विचारशक्ती क्षीण होत जाते. हे पंधरा-वीस वर्षं चालतं आणि शेवटी माणूस जातो. आईला किंवा वडिलांना हा आजार असेल तर प्रत्येक मुलाला तो होण्याची शक्यता निम्मी. नाणं उडवावं तसं. आणि सगळ्यांत क्रूर गोष्ट म्हणजे, आजार अंगात आहे हे कळेपर्यंत त्या माणसाला बहुधा मुलंबाळं झालेली असतात.

अशा घरांकडे जग कसं पाहत आलं? १९१६ मध्ये अमेरिकेतल्या चार्ल्स डेव्हनपोर्ट या वंशसुधारवाद्यानं हंटिंग्टनच्या कुटुंबांवर मोठा अभ्यास प्रसिद्ध केला आणि अशा लोकांना मुलंच होऊ देऊ नयेत, या दिशेनं त्याचा सगळा रोख होता. १९३३ मध्ये नाझी जर्मनीनं सक्तीच्या नसबंदीचा कायदा केला, त्यातल्या आजारांच्या यादीत हंटिंग्टनचं नाव होतं. मग ही घरं आपला आजार लपवू लागली तर नवल काय?

माराकाइबोच्या काठावर या आजाराला नाव होतं 'एल माल', म्हणजे नुसतं 'वाईट'. १९५० नंतरच्या वर्षांत आमेरिको नेग्रेते हा तरुण डॉक्टर सान लुईसला नेमणुकीवर आला. रस्त्यानं झोकांड्या खात जाणारी माणसं पाहून त्याला वाटलं, भरदिवसा केवढी ही दारू! वस्तीतल्यांनी त्याला सांगितलं, हे प्यायलेले नाहीत, आजारी आहेत. नेग्रेतेनं मग घरोघर जाऊन विचारपूस केली, कोण कुणाचा मुलगा, कुणाची आई कशानं गेली, असं करत वंशावळी जुळवल्या आणि हा हंटिंग्टनच आहे हे ओळखलं. १९५५ मध्ये त्यानं आपलं काम देशातल्या वैद्यक परिषदेपुढं मांडलं. पुढं त्यावर पुस्तकही लिहिलं.

पण पुस्तक स्पॅनिशमध्ये होतं! इंग्रजीत वाचणाऱ्या, इंग्रजीत लिहिणाऱ्या संशोधकांच्या जगानं त्याची दखल घ्यायला १९७२ साल उजाडलं. हंटिंग्टनच्या निबंधाला शंभर वर्षं झाली म्हणून अमेरिकेत ओहायो राज्यातल्या कोलंबस शहरी संशोधक जमले होते. तिथं नेग्रेतेचा विद्यार्थी रामोन आविला हिरोन यानं एक छोटा कृष्णधवल चित्रपट दाखवला. एकाच गावातले, एकाच नात्यातले इतके रुग्ण पडद्यावर पाहून सभागृह थक्क झालं. जी गोष्ट सतरा वर्षं छापील अक्षरात पडून होती, ती पडद्यावर आल्यावर दिसली. आपली मातृभाषा इंग्रजी नसलेल्या आपल्यासारख्यांना यात विशेष नवल वाटू नये.

त्या सभागृहात नॅन्सी वेक्सलर नावाची तरुण मुलगी होती. मानसशास्त्राची अभ्यासक. १९६८ मध्ये तिच्या आईला हंटिंग्टन असल्याचं निदान झालं होतं, म्हणजे तिची आणि तिच्या बहिणीची शक्यता निम्मी. तिचे वडील मिल्टन वेक्सलर यांनी त्याच वर्षी आनुवंशिक आजारांवरच्या संशोधनासाठी एक प्रतिष्ठान काढलं. त्याच सुमारास, १९६७ मध्ये, लोकगायक वुडी गथ्री याच आजारानं गेला होता आणि त्याच्या पूर्वीच्या पत्नीनं, मार्जरीनं, रुग्णांच्या कुटुंबांची संघटना उभारली होती. अमेरिकेतली घरं अशी बोलू लागली होती. माराकाइबोच्या घरांना बोलायला व्यासपीठ नव्हतं.

१९७९ मध्ये वेक्सलर पहिल्यांदा सरोवरावर गेली आणि १९८१ पासून दरवर्षी पथक घेऊन जाऊ लागली. रक्त काढायचं, कातडीचा बारीक तुकडा घ्यायचा, नातीगोती लिहून काढायची. लोक साहजिकच बिचकले. परके लोक येतात, रक्त नेतात, त्याचं करतात काय? तेव्हा पथकातल्या एका परिचारिकेनं वेक्सलरचा दंड उघडा करून सगळ्यांना दाखवला. त्यावर कातडीचा नमुना काढल्याचा वण होता. हिच्या आईलाही हाच आजार होता, हिनंही स्वतःचा तुकडा दिला आहे, असं तिनं मोठ्यानं सांगितलं. अमेरिकेतही हा आजार असतो, पैसेवाल्या गोऱ्या घरांतही असतो, हे तिथल्या लोकांना त्या दिवशी कळलं. तिच्या पिंगट केसांवरून त्यांनी तिला 'ला कातिरा' म्हणायला सुरुवात केली. माझ्या मते या सगळ्या इतिहासात कुठल्याही यंत्रापेक्षा त्या वणानं जास्त काम केलं.

गोळा झालेलं रक्त विमानानं बॉस्टनला जेम्स गसेला यांच्या प्रयोगशाळेत जाई. पेशीतल्या डीएनएवर काही ठरावीक खुणा असतात. घरातल्या आजारी माणसांमध्ये एखादी खूण आजाराबरोबरच उतरत असेल, तर आजाराचं जनुक तिच्या आसपास असणार, असा तर्क. पण तो सिद्ध करायचा तर कुटुंब फार मोठं हवं. चार-सहा भावंडांच्या घरावरून काही ठरत नाही. माराकाइबोच्या वंशावळीत पुढं १८ हजारांहून अधिक माणसं नोंदली गेली, दहा पिढ्यांची, आणि त्यांतली बहुतेक एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या एका स्त्रीपर्यंत मागं जातात. चार हजारांहून जास्त लोकांनी रक्त दिलं. अनेक वर्षं लागतील असं वाटणारी खूण नशिबानं लवकर सापडली. १९८३ मध्ये जाहीर झालं की हंटिंग्टनचं जनुक चौथ्या गुणसूत्रावर आहे. एखाद्या आनुवंशिक आजाराचा पत्ता अशा डीएनए-खुणांवरून लागल्याचं ते अगदी पहिल्या उदाहरणांपैकी एक.

नेमकं जनुक हाती यायला मात्र आणखी दहा वर्षं गेली. १९९३ मध्ये ते सापडलं. डीएनएची तीन अक्षरं त्यात पुन्हा पुन्हा येतात. साधारण पस्तिशीच्या आत असतील तर माणूस निरोगी, चाळीस किंवा त्याहून जास्त असतील तर आजार येणारच. बाकी सगळा घोळ या मोजणीत. मग कुणालाही रक्त तपासून आपलं भविष्य विचारता येऊ लागलं. पण स्वतः वेक्सलरनं तपासणीचा निकाल जाहीर करायचं टाळलं. इलाज नसताना असं उत्तर ऐकून करायचं काय, हा प्रश्न तिनं वारंवार मांडला.

आणि कोळ्यांना काय मिळालं?

पथक येई तेव्हा औषधं मिळत, कपडे मिळत, डॉक्टर तपासत. कुणाच्या अंगात जनुक आहे आणि कुणाच्या नाही, हे त्यांना कळवलं जात नसे. यामागे विचार होता. ज्या वस्तीत समुपदेशक नाही आणि मन सावरायला कुणी नाही, तिथं असा निकाल हातात ठेवणं म्हणजे माणसाला उघड्यावर सोडणं. हे कारण मला पटतं. तरी एक गोष्ट खटकतेच. समुपदेशक नव्हते, तर ते तिथं, स्पॅनिश बोलणारे, तयार का केले गेले नाहीत? जनुकाच्या शोधावर जितकी वर्षं खर्ची पडली त्यांतली काही तरी या कामाला मिळायला हवी होती.

काहीच झालं नाही असंही नाही. १९९९ मध्ये वेक्सलरांच्या प्रतिष्ठानाच्या मदतीनं सान लुईसमध्ये 'कासा ओगार आमोर इ फे', म्हणजे 'प्रेम आणि श्रद्धेचं घर', सुरू झालं. मार्गोत दे यंग या स्थानिक डॉक्टर तिथलं काम पाहत. ज्यांना घरी उचलून भरवायलाही कुणी उरलं नव्हतं, अशांना तिथं खाट, जेवण आणि शुश्रूषा मिळे. २००२ नंतर अमेरिकी पथकाच्या मोहिमा थांबल्या. पुढच्या दशकात देशाची अर्थव्यवस्था कोसळली, औषधं मिळेनाशी झाली आणि हे घरही बंद पडलं. नेग्रेते त्याआधीच, २००३ मध्ये, गेला होता.

इथं एक साधी वैद्यकीय गोष्ट सांगितली पाहिजे. हंटिंग्टनच्या रुग्णाचं शरीर सतत हलत असतं, त्यामुळे त्याला इतरांपेक्षा कितीतरी जास्त खावं लागतं. त्यात गिळणं कठीण. म्हणजे अन्न मऊ हवं, पुष्कळ हवं आणि भरवायला धीराचं माणूस हवं. देशात अन्नटंचाई आली की सर्वांत आधी कोण खंगत असेल, हे सांगायला नको.

रक्त देणाऱ्यांचं देणं कसं फेडायचं, यावर कागद मात्र तयार झाले. मानवी जनुकसंचाच्या संशोधकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नीतिसमितीनं २००० मध्ये म्हटलं की नफा कमावणाऱ्या कंपन्यांनी निव्वळ नफ्यातले एक ते तीन टक्के आरोग्यसेवेसाठी किंवा मानवतावादी कामासाठी द्यावेत. २००५ मध्ये युनेस्कोच्या जाहीरनाम्यातही संशोधनाचे लाभ वाटून घेण्याचं कलम आलं. दोन्ही शिफारशीच. कुणावर बंधन नाही.

प्रत्यक्ष हात पुढं आला तो दुसऱ्या बाजूनं. इग्नासिओ मुन्योस-सानहुआन हा स्पॅनिश संशोधक हंटिंग्टनवरच्या औषधांचं काम करत होता. लॅटिन अमेरिकेतली ही घरं पाहिल्यावर त्यानं २०१२ मध्ये 'फॅक्टर-एच' ही संस्था काढली. व्हेनेझुएलाबरोबरच कोलंबियातलं हुआन दे आकोस्ता हे गावही तिच्या कामात आलं, कारण हा आजार तिथंही अनेक घरांत आहे. या संस्थेचं काम ऐकायला अगदी साधं वाटतं. अन्नाची पाकिटं, गाद्या, कपडे, डॉक्टरांच्या भेटी, मुलांसाठी उपक्रम. मुलांचा मुद्दा फार महत्त्वाचा. आई अंथरुणाला खिळली की बारा-तेरा वर्षांची मुलगी शाळा सोडते, आणि तिच्याही डोक्यावर निम्म्या शक्यतेचं ओझं असतंच.

१८ मे २०१७ रोजी व्हॅटिकनमध्ये पोप फ्रान्सिस यांनी या आजाराच्या कुटुंबांची खास भेट घेतली. व्हेनेझुएला, कोलंबिया आणि अर्जेंटिनातली घरं त्या दिवशी पहिल्या रांगांत होती. त्यांतल्या कित्येकांनी आयुष्यात गावाबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. स्वतः अर्जेंटिनाचे असलेले पोप एकेकाजवळ गेले, त्यांना मिठी मारली. कार्यक्रमाचं बोधवाक्यच होतं, 'आता लपवायचं नाही'. यातून आजार बरा होत नाही हे खरंच. पण ज्यांना पाहून शेजारी दार लावून घेत, त्यांना साऱ्या जगानं दूरचित्रवाणीवर पाहिलं, हेही काही थोडं नाही.

२०२० मध्ये नॅन्सी वेक्सलर यांनी सांगितलं की आपल्यालाही हाच आजार आहे. तेव्हा त्यांचं वय सत्तरीच्या पुढं गेलेलं होतं. जवळचे लोक त्यांची चाल पाहून केव्हाच ओळखून होते.

सप्टेंबर २०२५ मध्ये युनिक्युअर या कंपनीनं, शस्त्रक्रियेनं थेट मेंदूत सोडायच्या जनुकोपचाराचे तीन वर्षांनंतरचे निकाल जाहीर केले. जास्त मात्रा मिळालेल्या रुग्णांमध्ये आजाराची गती बरीच मंदावल्याचं दिसलं. तीन वर्षं पूर्ण केलेले असे रुग्ण अवघे बारा, म्हणून फार पुढचं बोलू नये. पण मेंदूवरची कित्येक तासांची ती शस्त्रक्रिया आणि तिचा खर्च डोळ्यांसमोर आणला, की लागुनेताची होडी आठवते. त्या वस्तीतल्या लोकांनी १९८० च्या दशकात दिलेल्या रक्तापासून वाढवलेल्या पेशी आजही अमेरिकेतल्या पेशीसंग्रहांत गोठवून ठेवल्या आहेत आणि संशोधकांना मागणीनुसार पाठवल्या जातात.