लाळेच्या तपासणीतून तोंडाचा कॅन्सर लवकर कळतो का?

कळू शकतो. पण नुसत्या त्या रिपोर्टवर निर्धास्त राहावे, एवढी ही तपासणी अजून पक्की झालेली नाही. मोबाईलवर याचे मेसेज फिरतात आणि शाळेत पालकही विचारतात, म्हणून हा विषय इथे जरा नीट मांडत आहोत.

२०२० या एका वर्षात भारतात तोंडाच्या कॅन्सरचे सुमारे १ लाख ३५ हजार नवे रुग्ण झाले, असा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे. तंबाखू, गुटखा, मावा, खर्रा, बिडी, दारू ही कारणे सगळ्यांना पाठ आहेत. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. टपरीवर काय मिळते तेही सगळ्यांना ठाऊक आहे. सुपारीबद्दल मात्र आपल्याकडे मोठा गैरसमज आहे. "आम्ही तंबाखू खात नाही, नुसती सुपारी खातो," असे लोक बिनधास्त सांगतात. तंबाखू नसलेली सुपारीसुद्धा कॅन्सर करते, हे याच संस्थेने २००४ मध्ये जाहीर केले. दावतीनंतर फिरणाऱ्या ट्रेमध्ये तीच असते, आणि मुलेही मूठभर उचलतात. घरातल्या दादी-नानी मिश्री लावतात, तीही भाजलेली तंबाखूच.

आता लाळेकडे वळू. टीबीसाठी देतात ती थुंकी म्हणजे छातीतून खोकून काढलेला बेडका. इथे तो नको, तोंडात आपोआप जमणारी लाळ हवी. लाळेच्या मोठ्या ग्रंथींच्या तीन जोड्या असतात आणि दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. ती गाल, जीभ, हिरड्या सतत धुत असते. त्यामुळे तिथल्या पेशी, डीएनए-आरएनएचे तुकडे आणि प्रथिने तिच्यात मिसळतात. गाठ वाढू लागली की यातल्या काहींचे प्रमाण बदलते; इंटरल्युकिन-८ हे प्रथिन त्यापैकी एक. अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात डेव्हिड वोंग आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये ३२ रुग्ण आणि ३२ निरोगी माणसांची लाळ तपासली, तेव्हा आरएनएच्या खुणांवरून साधारण ९१ टक्के ओळख बरोबर ठरली. पुढे २०२१ मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने व्हायोम कंपनीच्या तोंड व घशाच्या कॅन्सरसाठीच्या लाळ-तपासणीला 'ब्रेकथ्रू' दर्जा दिला. हा दर्जा म्हणजे मंजुरी नव्हे, फाईल लवकर पुढे सरकावी यासाठीची सोय आहे. जाहिरातीत हा फरक सांगत नाहीत.

नव्वद टक्के ऐकायला फार छान वाटते. फळ्यावर गणित मांडून बघू. समजा, १००० लोक तपासले आणि त्यात खरे रुग्ण १० आहेत. तपासणी ९० टक्के अचूक असेल तर १० पैकी ९ जण सापडतील आणि एक सुटेल. उरलेल्या ९९० निरोगी लोकांपैकी ९९ जणांचा रिपोर्टही चुकून 'पॉझिटिव्ह' येईल. म्हणजे १०८ घरांत रडारड, आणि आजार फक्त नऊ घरांत! शिवाय जो एक सुटला, तो "रिपोर्ट नॉर्मल आहे" म्हणून पुन्हा पुडी फोडणार. आम्हाला जास्त काळजी त्याचीच वाटते.

हिरड्या सुजल्या असतील किंवा नुकतेच काही खाल्ले असेल तरी लाळेतले प्रमाण बदलते. म्हणून नमुना देण्याआधी तासभर खाणे, पिणे, ब्रश, बिडी सगळे बंद ठेवायला सांगतात.

तरीही ही तपासणी यावी, स्वस्त यावी, असे आम्हाला मनापासून वाटते. कारण पुरुष डॉक्टरांसमोर तोंड उघडून दाखवायला आपल्या अनेक बायका संकोचतात. घरातच नळीत लाळ द्यायची असेल तर अम्मी, खाला नाही म्हणणार नाहीत.

तोवर काय? बिनपैशाची आणि सिद्ध झालेली तपासणी आजही आहे: उजेडात तोंड बघणे. केरळमध्ये तिरुवनंतपुरम जिल्ह्यात प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी घरोघरी जाऊन लोकांची तोंडे तपासली. तंबाखू-दारू घेणाऱ्यांमध्ये या कॅन्सरचे मृत्यू ३४ टक्क्यांनी घटले, असा निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. सरकारी कार्यक्रमातही तिशीच्या पुढच्या सर्वांचे तोंड आरोग्य केंद्रात मोफत तपासायचे असते. आशाताईंना विचारा, बाईमाणसाने तपासावे असे वाटत असेल तर तेही सांगा.

घरी बघायचे ते एवढेच: पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, विनाकारण हलणारा दात, मानेत गाठ, तिखट लागताच होणारी आग. आपलीच तीन बोटे उभी धरून तोंडात जात नसतील तर तोंड आखडू लागले आहे. सुपारी-गुटखा खाणाऱ्या तरुण मुलांत हे विशेष पाहा. यातले काहीही दिसले तर लाळ-तपासणीच्या शोधात वेळ घालवू नका. थेट दाताच्या किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. ते छोटा तुकडा काढून बायोप्सी करतील. "सुई लागली की कॅन्सर पसरतो" हे आपल्या मोहल्ल्यात हमखास ऐकू येते, पण ते खरे नाही. पक्के निदान आजही बायोप्सीनेच होते. कॅन्सर निघाला तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत उपचार बसतात का, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. तंबाखू सोडायची असेल तर १८००-११२-३५६ हा सरकारी नंबर मोफत आहे.