पुस्तक मोकळं होतं तेव्हा : खान्देशातला एक छोटा प्रयोग

आज आपण पुस्तकांच्या मालकीविषयी बोलणार आहोत, आणि उदाहरणं आपल्या जळगाव-धुळ्याचीच घेणार आहोत.

साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. ११ जून १९५० रोजी ते गेले. १९५७ च्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर ५० वर्षं हक्क टिकायचा. मोजणी पुढच्या १ जानेवारीपासून. म्हणजे ‘श्यामची आई’ २००१ च्या सुरुवातीला मोकळी व्हायची. मग झाली का नाही? कारण रवींद्रनाथ ठाकूर. ते १९४१ साली गेले, त्यामुळे विश्वभारतीकडच्या हक्काची मुदत १९९१ अखेर संपत होती. ती वाढवायची म्हणून कायदाच बदलला, ५० ची ६० वर्षं झाली. शांतिनिकेतनसाठी केलेला बदल अमळनेरलाही लागू पडला. गुरुजींनी हयातीत छापलेली पुस्तकं १ जानेवारी २०११ रोजी सर्वांची झाली.

बहिणाबाईंचा हिशेब वेगळा. असोद्याच्या या माउलीला लिहिता येत नव्हतं. घरच्यांनी, मुलगा सोपानदेवांनी, तिची गाणी टिपून ठेवली. ३ डिसेंबर १९५१ रोजी ती गेली आणि ‘बहिणाबाईंची गाणी’ आलं १९५२ साली. मृत्यूनंतर प्रथम छापलेल्या साहित्याची ६० वर्षं प्रकाशनापासून धरतात. म्हणून ती गाणी मोकळी झाली १ जानेवारी २०१३ ला. पण पुस्तकाला प्रस्तावना आचार्य अत्र्यांची. अत्रे गेले १९६९ साली. ती प्रस्तावना २०३० उजाडेपर्यंत बंदच. एकाच पुठ्ठ्यात दोन मालक!

हे समजल्यावर आम्ही दोघा-तिघांनी घरगुती प्रयोग केला. जुन्या प्रतीतली काही गाणी घ्यायची, प्रस्तावना वगळायची, ई-पुस्तक करून फुकट वाटायचं. पानांचे फोटो काढले, संगणकाकडून अक्षरं ओळखून घेतली, शुद्धलेखन तपासणारं साधन फिरवलं. चार संध्याकाळी लागल्या. फाइल अगदी देखणी दिसत होती.

मग आम्ही ती असोद्याच्या एका आजींना वाचून दाखवली. दुसऱ्याच पानावर त्या म्हणाल्या, “असं कोन बोलतं आमच्याकडे?” आम्ही मूळ पान काढलं. यंत्राने जिथे ‘न’ होता तिथे ‘ण’ केला होता. ‘पानी’चं ‘पाणी’ झालं होतं. यंत्राच्या लेखी ती दुरुस्ती. आमच्या हातून मात्र बाईंची बोलीच पुसली जात होती. कायद्याने आम्हाला कोणी अडवणार नव्हतं, हीच खरी भीतीची गोष्ट. मालक उरला नाही की चूक दाखवणाराही उरत नाही, आणि फुकटची प्रत सगळ्यात लांब जाते.

अशा वेळी धुळ्याकडे बघावं. इतिहासाचार्य राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच गेले. त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ तिथे आजही आहे. गावोगाव दप्तरं धुंडाळून त्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे २२ खंड काढले. अस्सल कागद आधी, आपलं मत नंतर, हा त्यांचा धडा.

आम्ही फाइल मागे घेतली. तपासणी बंद करून अक्षर न् अक्षर मूळ पानाशी ताडलं. त्याला चार महिने लागले. आता पहिल्या पानावर आवृत्तीचं वर्ष आहे, काय वगळलं ते आहे, आणि शेवटी मूळ पानांचे फोटो आहेत. आमची चूक कोणालाही पकडता यावी म्हणून.