कैलासाचा कारागीर

कैलास लेण्याच्या बाजूने डोंगरावर चढलं की मंडपाचं छत खाली दिसतं. मधोमध दगडी कमळ आणि भोवती फुलीच्या आकारात चार सिंह. सत्तावीस वर्षं गाइड म्हणून मी वेरूळला लोकांना तिथे उभं करत आलो. पूर्वी विचारायचे, राजा कोण, खोदायला किती वर्षं लागली. हल्ली कॉलेजची मुलं मोबाइल पुढे करतात. "काका, ही वरून दिसणारी फुली परग्रहवाल्यांसाठीच ना?"

आकाशातले पाहुणे कैलासाच्या गोष्टीत फार जुने आहेत. राष्ट्रकूट कर्काचा बडोद्याचा ताम्रपट शके 734चा, म्हणजे इ. स. 812चा. लेणं करवून घेणाऱ्या पहिल्या कृष्णराजाला जाऊन तेव्हा चाळीसेक वर्षं झाली होती. विमानातून जाणारे देव हे मंदिर पाहून चकित होतात, हे स्वयंभूच असणार असं त्यांना वाटतं, असं वर्णन त्यात आहे. पण लगेच पुढे कारागीर येतो. आपल्या हातून हे झालं तरी कसं, याचं त्याचं त्यालाच नवल वाटतं. ताम्रपटातलं एलापूर म्हणजे आपलं वेरूळ, हे रा. गो. भांडारकरांनी दाखवून दिलं. राजाची स्तुती करायला बसलेल्या कवीला पाथरवटाची आठवण राहिली, यासाठी मला तो कवी फार मोठा वाटतो.

पुढे कित्येक शतकांनी कृष्ण याज्ञवल्कीच्या 'कथाकल्पतरू'त त्या कारागिराला नाव मिळालं. राजा आजारी. राणी माणकावतीने घृष्णेश्वराला नवस केला: राजा बरा झाला तर मंदिर बांधीन आणि शिखर दिसेपर्यंत अन्नाला शिवणार नाही. राजा बरा झाला. आता पायापासून शिखरापर्यंत पोचायचं तर राणी जगायची कशी? तेव्हा पैठणचा कोकस पुढे आला. त्याने कळसापासूनच कामाला हात घातला आणि आठवड्यात शिखर दाखवलं. आठवड्याची बात सोडा, पण खोदकामाची खरी रीत या कथेने जपली आहे. डोंगरात तीन बाजूंनी चर खणून मधला खडक सुटा ठेवला आणि वरून खाली कोरत आले. अशा कामाला परांची लागत नाही. अंगण 276 फूट लांब, 154 फूट रुंद. मागचा कडा 107 फूट उंच.

तिसरी गोष्ट आत्ताची, परग्रहवाल्यांची. एच. जी. वेल्सने 1898च्या कादंबरीत मंगळावरचे लोक इंग्लंडवर उतरवले. 1938मध्ये ऑर्सन वेल्सने रेडिओवर ते न्यू जर्सीत आणले, 2005मध्ये स्पीलबर्गने तीच स्वारी पडद्यावर आणली. सांगणारा जिथला, तिथे स्वारी होत गेली आणि प्रत्येक वेळी माणसं तिला तोंड देत राहिली. डेनिकन नावाच्या लेखकाच्या 1968च्या पुस्तकापासून मात्र वेगळेच पाहुणे आले. हे कुणाला मारत नाहीत, मोठमोठी बांधकामं करून निघून जातात. परदेशी वाहिन्यांनी आणि मग यूट्यूबने त्यांना वेरूळलाही आणलं. या गोष्टीत कोकस नाही. त्याचा घाम नाही, पैठण नाही. ते मला सहन होत नाही.

म्हणून मी मुलांना खाली अंगणात नेतो आणि कड्यावर तिरपी बॅटरी मारतो. टाकीचे घाव रांगेने उठून दिसतात. एकदा असाच उजेड पाडला असताना एक म्हातारा पाथरवट पुढे सरकला. जन्मभर जाती आणि पाटे घडवलेला माणूस. बराच वेळ तो डोळे बारीक करून पाहत राहिला. मग हात न लावता, हवेतच बोट फिरवत म्हणाला, "हे घाव बसून घातलेत, उभ्यानं नाही. इथवर येईस्तोवर टाकी बोथट झाली होती. आन् हे बघा, हितनं धार लावून आणलेली."

मुलांनी मोबाइलचा दिवा त्या जागेवर धरला.