उत्तर आणि उमज

नागपूरजवळ हिंगणा तालुक्यात वडधामना नावाचे गाव आहे. २०२५ सालच्या जुलै महिन्यात तेथील अंगणवाडी ही कृत्रिम बुद्धिमत्तेची देशातील पहिली अंगणवाडी म्हणून गाजली. लहानग्यांच्या डोळ्यांवर आभासी दृश्यांचे भलेमोठे चष्मे, हे चित्र आपण वर्तमानपत्रांत पाहिले असेल. ही मुले थोड्याच वर्षांत अपूर्णांकांपर्यंत पोहोचतील आणि तेव्हा गणित शिकवणारे यंत्रही त्यांच्या हाताशी असेल. ते यंत्र त्यांना नुसते उत्तर देईल, की गणित उमजू देईल? प्रश्न वाटतो तितका नवा नाही.

जुन्या पंतोजींच्या शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी, म्हणजे साडेतीनचे पाढेसुद्धा, मुलांना मुखोद्गत असत. बाजारहाटात त्याचा मोठा उपयोग होई. ते हसण्यावारी नेण्याचे कारण नाही. परंतु पाठांतर म्हणजेच गणित, ही समजूत मात्र आपल्या थोर गणितींची नव्हती. भास्कराचार्यांनी ११५० साली ‘लीलावती’ रचली ती एखाद्या मुलीशी बोलावे तशी. रीत सांगायची, की लगेच तिला उदाहरण घालायचे! पुढे १५४५ साली कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी तिच्यावर ‘बुद्धिविलासिनी’ ही टीका लिहिली आणि ती रीत खरी का, याच्या उपपत्ती दिल्या.

यंत्रगुरूची कथा अलीकडची. १९५३ साली अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ स्किनर आपल्या मुलीच्या गणिताच्या वर्गात जाऊन बसले. पोरे उदाहरणे सोडवीत होती, पण आपले बरोबर की चूक, हे त्यांना तिथल्या तिथे कळत नव्हते. स्किनरांनी लगेच उत्तर तपासणारी पेटी बनविली. कल्पना चांगली होती, यात शंका नाही. पण बरोबरची खूण मिळाली म्हणजे समजले, असे होते काय?

त्याचे उत्तर १९७३ साली मिळाले. अमेरिकेतच तेव्हा एक स्वाध्यायपद्धती चालू होती. मुलाने आपापल्या गतीने पाठ सोडवायचे आणि ठरावीक गुण मिळाले की पुढे सरकायचे. अर्लवँगर नावाच्या संशोधकाने तीत शिकणाऱ्या, हुशार गणल्या गेलेल्या बारा वर्षांच्या एका मुलाला समोर बसवून बोलते केले. तो म्हणे, पाच-दशांश अपूर्णांक म्हणजे १.५! कसे? तर पाच अधिक दहा पंधरा, मध्ये टिंब द्यायचे. वर्षानुवर्षे पोरगा पुढे सरकत होता आणि त्याची रीत कुणी विचारलीच नव्हती. मला तर ही हकीकत साऱ्या इतिहासात सर्वांत बोलकी वाटते.

आजचे यंत्र पेटीहून फार पुढे गेले आहे. ते बोलते, कारणे देते. तरीही २०२५ साली प्रसिद्ध झालेला तुर्कस्तानातील सुमारे हजार विद्यार्थ्यांचा प्रयोग बघा. हवे ते उत्तर देणारे यंत्र ज्यांना मिळाले, त्यांचा सराव ४८ टक्क्यांनी सुधारला. यंत्र काढून घेऊन परीक्षा घेतली, तेव्हा यंत्र न मिळालेल्या मुलांपेक्षा त्यांची कामगिरी १७ टक्क्यांनी उणी भरली. ज्यांच्या यंत्राला, उत्तर देऊ नकोस, फक्त सुचव, असे बजावले होते, त्या मुलांचे असे नुकसान झाले नाही.

आपल्याकडे आणखी एक पेच आहे, तो भाषेचा. मराठीत ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी येतात, लिहिताना मात्र दोन आधी. २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात ‘वीस पाच’ अशी जोड दिली, तेव्हा केवढा गदारोळ उठला! डॉ. मंगला नारळीकरांनी शांतपणे सांगितले, की मुलांचा गोंधळ कमी व्हावा एवढाच हेतू आहे. नागपूरचे पोर तर सीताबर्डीवर ‘पच्चीस’ ऐकते आणि वर्गात ‘पंचवीस’. दोहोंत पाच आधीच. ते पाटीवर ५२ लिहिते. ‘चूक’ म्हणून पुढचे उदाहरण देणे यंत्राला सोपे आहे. जाणते गुरुजी काय करतात? ते विचारतात, “बाळ, यात दहाच्या जुड्या किती, नि सुट्ट्या काड्या किती?” पोर जुड्या मांडते, पाटीकडे बघते आणि आपणच पुसायला फडके शोधू लागते.