ओट्यामागची भिंत



गेल्या महिन्यात आमच्या ओट्यामागच्या टाइल्स काढून तिथे काच बसवली. सूनबाईंची हौस, मी आधी नकोच म्हणत होते. पण एवढ्याशा भिंतीचाही केवढा इतिहास असतो, तो या निमित्ताने आठवला.

माझ्या सासूबाई सुरुवातीची वर्षं चुलीपुढे बसून स्वयंपाक करत. मागची भिंत मातीची. तेल उडालं, धूर लागला, की पोतेऱ्याने सारवून वर नवा थर द्यायचा. ती भिंत धुवायची नसे, पुन्हा नवी करायची असे.

१९५५ साली मुंबईत बर्शेन गॅस मिळू लागला. हळूहळू आपल्या सांगली-कोल्हापूरकडेही सिलिंडर आले आणि आपण बायका उभ्याने स्वयंपाक करू लागलो. शेगडी ओट्यावर चढली, तशी फोडणी थेट भिंतीवर उडू लागली. म्हणून पांढऱ्या चौकोनी टाइल्स आल्या, मध्ये पांढऱ्या सिमेंटचे सांधे. टाइल पुसून निघते, सांधा निघत नाही. तो तेल पितो, पिवळा पडतो, पावसाळ्यात बुरशी धरतो. मग मुंग्यांची रांग त्याच रेघेने येते.

एका चातुर्मासात वैतागून मी त्या रांगेवर औषध फवारलं. सासूबाईंनी पाहिलं. काही बोलल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवशी त्यांनी उपवास धरला. त्या रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

काच काही आपल्याला नवी नाही. तळेगावला पैसा फंडाचा काच कारखाना १९०८ साली निघाला, आणि कराडजवळ ओगलेवाडीला ओगले बंधूंचा १९१६ साली. त्यांचा प्रभाकर कंदील आमच्या माहेरी होता. पण कंदिलाची काच वेगळी आणि भिंतीएवढा सपाट तक्ता वेगळा. असा तक्ता करायचा तर पूर्वी काच ओतून दोन्ही बाजूंनी घासावी लागे, त्यामुळे तो महाग पडे. १९५९ साली इंग्लंडमधल्या पिल्किंग्टन कंपनीने ॲलेस्टर पिल्किंग्टन यांची नवी पद्धत जाहीर केली. वितळलेली काच वितळलेल्या कथिलावर पसरायची. दुधावर साय धरते तशी ती तरंगते आणि घासल्याशिवाय सपाट निघते. हीच फ्लोट ग्लास.

शेगडीमागे मात्र साधी काच तडकते, तिथे टफन्ड काचच हवी. तिची कथा आणखी जुनी. १८७४ साली फ्रान्समधल्या दे ला बास्ती यांनी तापलेली काच गरम तेलात बुडवून कडक करण्याचं पेटंट घेतलं. तेलापासून भिंत वाचवणारी काच आधी तेलातच तयार झाली, याची मला गंमत वाटली! आता ती सहाशे अंशांच्या वर तापवून हवेच्या झोतांनी झटकन गार करतात. फुटली तरी तिचे बारीक, बोथट तुकडे होतात.

पण एकदा कडक झालेली काच कापता येत नाही, तिला भोकही पाडता येत नाही. म्हणून ओटा पक्का झाल्यावरच माप घ्यायचं आणि स्विचबोर्डाची जागा आधीच आखून द्यायची. भिंत सपाट करून घ्यायची. रंग काचेच्या मागच्या बाजूला असतो, आणि ती सिलिकॉनने चिकटवतात. आमच्या कारागिराने दोनदा माप घेतलं, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

माझी अट एकच होती. टाइल्स फोडण्याआधी आठ दिवस ओटा रिकामा आणि कोरडा ठेवायचा. खायला काही नाही म्हटल्यावर मुंग्या आपणहून गेल्या. मगच छिन्नी लागली.

बी.कॉम. झालेली मी, जमाखर्च मांडलाच. खर्च टाइल्सपेक्षा बराच जास्त. जमेला एवढंच, की सांधे गेले आणि काच काही लपवत नाही. तेलाचा थेंब उडाला की दिसतो. सूर्यास्ताआधी जेवणं आटोपली की एक ओलं फडकं फिरवायचं, की रात्री मुंग्यांना बोलावणारं काही उरत नाही.

तरी परवा साखरेच्या डब्याजवळ एक मुंगी दिसलीच. कागदावर घेऊन तिला कुंडीत सोडली. भिंत कितीही बदलली तरी तेवढं काम आपल्यालाच करायचं असतं. हे सासूबाईंना सांगायला हवं होतं, पण आता त्या नाहीत.